साडेचार इंच

चष्म्याच्या दुकानात चार टायर तीन आठवडे मुक्कामाला होते. नजर तपासायच्या खुर्चीशेजारी एकावर एक रचलेले, छातीला लागतील इतके उंच. नंबर काढायला आलेली माणसं भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ सोडून टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला लागायची. एक आजोबा ते आकडे घडाघडा वाचून गेले आणि "मग मला चष्मा कशाला?" म्हणत उठलेच.

टायरांमागून खोकी आली. त्यांत कमानीसारखे वाकलेले पोलादी पाटे होते, हातभर लांब शॉकअ‍ॅब्सॉर्बर होते, मनगटाएवढे जाड बोल्ट होते. चष्मेवाल्याने ती काउंटरमागे सरकवली. "हे टायर कशाला?" असं बायकोने विचारलं तेव्हा तो पटकन म्हणाला, "कुंड्या करू या म्हटलं. दुकानासमोर."

लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि हे त्याचं पहिलं सविस्तर खोटं होतं. बायकोने विश्वास ठेवला, कारण नवऱ्याच्या डोक्यातून असल्या कल्पना निघायच्याच.

टायर खरं तर सासूचे होते.

सासू गुरांची डॉक्टर. नोकरीतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी आठवड्यातून दोनदा ती आपला जुना ट्रक घेऊन ओढ्यापलीकडच्या माळावर जायची. तिथली बारा घरं आणि त्यांची गुरं तिच्याशिवाय कोणाला हात लावू देत नसत. घरं तरी देत असतील, गुरं नक्कीच नाही. ट्रक लहानसा, मागे उघडा हौदा, चारही चाकांनी ओढणारा, आणि वयाने घरातल्या जावयापेक्षा थोडाच धाकटा. मागच्या पुरात ओढ्यावरचा पूल वाहून गेला. तेव्हापासून दगडांतून वाट काढावी लागे, आणि गेल्या महिन्यात ट्रकचं पोट एका दगडावर टेकलं. सासू भर ओढ्यात चार तास अडकून बसली.

हे थोरल्याच्या कानावर गेलं. थोरला, म्हणजे सासूचा मुलगा, विमा कंपनीत होता आणि त्याचा दिवस दुसऱ्यांच्या अपघातांचे फोटो बघण्यात जायचा. त्याने दोन वाक्यांत निकाल लावला. ट्रक विकायचा. आईने शहरात आपल्याकडे राहायला यायचं. ट्रकचे कागद त्याच्याच नावावर होते. आईच्या सरकारी खात्याने तिचा हा ट्रक मोडीत काढला तेव्हा त्याने पहिल्या नोकरीची सगळी शिल्लक ओतून तो लिलावात घेतला होता आणि किल्ली आईच्या हातात ठेवली होती.

आई म्हणाली, "बरं."

त्या घरात आईचं 'बरं' म्हणजे होकार नव्हे, हे थोरल्याला पंचेचाळिसाव्या वर्षीही उमगलं नव्हतं. जावयाला ते लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्याच दिवशी त्याला सासूचा फोन आला.

"जावईबुवा, तुम्ही दिवसभर बारीक स्क्रू फिरवता ना? जरा मोठे फिरवायला याल का? सामान तुमच्या दुकानावर मागवलंय. आणि हे तुमच्या-माझ्यात हं."

त्या घरात त्याला आजवर चांगली खुर्ची मिळाली होती, पहिलं ताट मिळालं होतं. गुपित कधी मिळालं नव्हतं. तो विरघळला.

तर, थोरल्याने ठरवलेलं ट्रकचं गिऱ्हाईक रविवारी अकराला येणार होतं. आई, तिचा धाकटा भाऊ आणि जावई अशा तिघांचा बेत साधा होता. मामा बसडेपोतून निवृत्त झालेले फिटर. शनिवारी ट्रक लोखंडी घोड्यांवर उभा करायचा, चारही चाकं काढायची, ट्रकला उंच करणारे नवे पाटे बसवायला घ्यायचे, आणि अकरा वाजता गिऱ्हाइकाला सुट्ट्या भागांचा ढीग दाखवायचा. मोडून ठेवलेली गाडी कोण विकत घेतो? शनिवारी सकाळी चष्मेवाला "लेन्सच्या व्यापाऱ्याकडे जातो, मुक्काम पडेल" म्हणून घरातून निघाला. रात्रीपर्यंत पुढचे दोन्ही पाटे बसले. रविवारी सकाळी मागचा उजवा बसला. डावा निम्मा झाला होता, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.

पावणेनऊ वाजले होते.

"दादाची गाडी," मामा म्हणाले. "अकराचा वायदा होता ना?"

चष्मेवाला ट्रकखाली उताणा पडलेला होता. बाहेर पडावं तर तोंड दाखवावं लागणार. तो तसाच पडून राहिला. गाडीची दारं तीनदा वाजली. एक थोरला, एक वहिनी. तिसरं कोण, हे त्याला पावलांच्या चालीवरून कळलं.

पावलं ट्रकपाशी येऊन थांबली.

"हे मोजे," धाकटीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आवाज आला, "माझ्या ओळखीचे आहेत."

ती एका शाळेची मुख्याध्यापिका होती आणि घरी त्याला 'ए' म्हणायची, 'तू' म्हणायची. 'अहो' हा शब्द तिने फक्त संकटांसाठी राखून ठेवला होता.

"अहो," ती म्हणाली, "लेन्सचा व्यापारी बराच खाली राहतो वाटतं."

चष्मेवाला सरपटत बाहेर आला. कपाळाला ग्रीस, केसांत गंजाचा चुरा. "मी सांगणारच होतो."

"काय? कुंड्यांना चाकं कधी लागणार ते?"

"अगं, त्याला नको बोलू," आई म्हणाली. ती उलट्या खोक्यावर बसून रॉकेलच्या डब्यात नट धूत होती, जणू रविवारी सकाळी सगळ्याच घरांत नट धुतात. "मीच बोलावलं त्यांना."

"माझ्या नवऱ्याला? मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू दादाला सांगितलं असतंस."

"सांगितलंच असतं!"

"म्हणूनच."

थोरला तोवर ट्रकभोवती एक फेरी मारून आला होता. चाकं नाहीत, मागचा धुरा लोंबतोय, जुने पाटे कुंपणाला टेकवून ठेवलेले. त्याने घड्याळ बघितलं. "मामा, सव्वादोन तास आहेत. जुने पाटे परत चढवा."

"चढवले असते रे," मामा कळवळून म्हणाले. "पण पाटे आवळून धरणारे जुने यू-बोल्ट गंजून त्यांच्याशी एकजीव झाले होते. करवतीने कापावे लागले. ते बघ, तुकडे तिथे पडलेत." आणि त्यांनी इतक्या आनंदाने बोट दाखवलं की कळवळ्याचं सोंग उघडं पडलं.

"आई, गाडी जितकी उंच तितकी उलटायची भीती जास्त. मी रोज फोटो बघतो. मी काही उगाच बोलत नाही."

"म्हणून तर साडेचारच इंच केली. पाट्यांनी तीन आणि टायरांनी दीड. मी आठ म्हणत होते."

"तू सदुसष्ट वर्षांची आहेस."

"ट्रकला सांगितलंयस का हे? त्याला वाटतं मी चाळीसची आहे."

धाकटी भावाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आज ती पूर्णपणे त्याच्या बाजूची होती, आणि ते नवऱ्याला नीट दिसावं अशा बेताने तिने हाताची घडी घातली. "दादा बरोबर बोलतोय. वरच्या माळावर नवा डॉक्टर जाईल."

"नवा डॉक्टर ओढ्यापर्यंत येतो," आई म्हणाली, "आणि गाईला अलीकडे बोलावतो."

यावर वहिनी हसली. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. वहिनीने हसू गिळलं, पण ते पुरतं गिळलं गेलं नाही, हे चष्मेवाल्याच्या नजरेतून सुटलं नाही.

मामांना वादात रस नव्हता. ते पुन्हा खाली वाकले. "चला जावईबापू. हा शेवटचा."

शेवटचाच अडला. पाट्याच्या मधोमध एका बोल्टचं डोकं असतं, ते धुऱ्यावरच्या भोकात बरोबर बसावं लागतं. ते अर्ध्या बोटाने चुकत होतं. चष्मेवाला जॅकने धुरा वर घेई, डोकं भोकाच्या काठावर टेकून हट्टाने थांबे. धुरा पहारीने पुढे ढकलायला हवा होता. मामांची पाठ धरलेली, आईला तर मामांनी पहारीला हातही लावू दिला नाही. चष्मेवाल्याचे दोन्ही हात जॅकवर.

"दादा, जरा," मामा म्हणाले.

"मी? या कामाला? मी हात लावणार नाही."

"बरोबर आहे," धाकटी म्हणाली.

"सरका," वहिनी म्हणाली.

तिने बाह्या वर सारल्या, पहार उचलली, मामांनी दाखवलेल्या जागी रोवली आणि पाय रोवून अंग टाकलं. धुरा कुरकुरला, सरकला. चष्मेवाल्याने जॅकला एक जोराचा दाब दिला. टक् असा आवाज झाला आणि डोकं भोकात बसलं.

"वा सूनबाई!" मामा ओरडले. "डेपोत असतीस तर नाव काढलं असतंस!"

थोरला बायकोकडे बघतच राहिला. "तू कोणाच्या बाजूची आहेस?"

वहिनीने पहार खाली ठेवली, हात पुसले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, माझं आणि आईंचं इतकं छान जमतं. लोक उदाहरण देतात. का जमतं माहीत आहे? आपलं घर इथून तीन तासांवर आहे म्हणून. ते कशाला बिघडवताय?"

चष्मेवाल्याला वाटलं, आता आईला लागणार. आईने नट धुवायचे थांबवले, सुनेकडे बघितलं आणि मोठ्याने हसली. "शाबास गं. इतकी वर्षं मी हेच म्हणत होते, मनातल्या मनात."

त्यानंतर काम असं पळायला लागलं की बस. वहिनी हाताखाली, चष्मेवाला खाली, मामा सूचना देत. शॉकअ‍ॅब्सॉर्बर लागले. ब्रेकच्या लांब नळ्या जोडून आईने दारातूनच हाताने ब्रेक दाबदाबून त्यांतली हवा काढली. घोटभर कॉफी उभ्याउभ्याच झाली. काम रंगात आलं की मामांना कट-बिट काही आठवत नसे. "चाकं आणा," ते म्हणाले, आणि दुकानातले चार टायर एकेक करून चढले. "जॅक खाली," ते म्हणाले, आणि ट्रक घोड्यांवरून उतरून आपल्या पायांवर उभा राहिला.

काय दिसत होता! पोटाखालून मांजर शेपटी वर करून गेलं असतं. काळेभोर टायर, मधे जुनी फिकट हिरवी काया. म्हाताऱ्या पैलवानाने नवे बूट घालावेत तसा. सगळे दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. धाकटीनेसुद्धा हाताची घडी सोडली.

मग चष्मेवाल्याच्या लक्षात आलं. "मामा," तो हळूच म्हणाला, "आपण तो मोडलेला ठेवणार होतो."

मामांचा चेहरा उतरला. फाटकाशी हॉर्न वाजला. अकरा.

गिऱ्हाईक उंचापुरं होतं आणि त्याच्या जाकिटाला इतके खिसे होते की त्याला किल्ली ठेवलेला खिसा सापडायला वेळ लागला. ट्रक बघून ते जागीच थबकलं. मग त्याने गुडघ्यावर बसून खाली बघितलं, नव्या पाट्यांवरून हात फिरवला आणि थोरल्याला म्हणाला, "तुम्ही हे फोनवर सांगितलं नाहीत! मी ठरलेल्याच्या दीडपट देतो. आत्ता."

थोरल्याच्या चेहऱ्यावर दिवसातलं पहिलं हसू आलं. आईने रॉकेलचा डबा हळूच बाजूला ठेवला. चष्मेवाल्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. विकला जाऊ नये म्हणून ज्या ट्रकखाली दोन दिवस लोळलो, त्याचा भाव आपणच वाढवून ठेवला.

"याचं काय करणार तुम्ही?" धाकटीने विचारलं.

"प्रदर्शनात उभा करणार. रंग उतरवून चकचकीत लाल करायचा, आत पांढऱ्या सीटा."

"पाण्यात, चिखलात?"

"छे छे! हा काय चिखलात घालायचा आहे?"

धाकटीचा चेहरा बदलला. चौदा वर्षं तिचा चेहरा वाचलेल्या माणसाला तो बदल लांबूनही कळला. शाळेत असताना तिने निम्मा गृहपाठ याच ट्रकच्या सीटवर बसून केला होता, आई गोठ्यात असायची तेव्हा. ती एक पाऊल पुढे आली आणि तिने मुख्याध्यापिकेचा आवाज लावला.

"हे बघा, तुम्हाला फसवलेलं आम्हाला आवडणार नाही. हा डाव्या दारातून गळतो."

"जुना रबर असेल! मूळचा?"

"दुसरा गिअर किंचाळतो."

"मूळ गिअरबॉक्स!" गिऱ्हाइकाने छातीवर हात ठेवला.

"सीटखाली वासराचा वास येतो. जात नाही. आम्ही सगळं करून बघितलं."

"अहो, या असल्या गोष्टींनाच तर मोल आहे," गिऱ्हाईक सद्गदित होऊन म्हणालं आणि एका खिशातून पेन निघालं.

धाकटी हरली. ती मागे सरकली ती नवऱ्याशेजारी येऊन थांबली, आणि पुटपुटली, "ए, काहीतरी कर ना."

'ए' ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला, पण करायचं काय ते त्यालाही सुचेना.

थोरल्याने पेन घेतलं. तेव्हा आई उठून त्याच्यापाशी आली. ती रागावलेली नव्हती. "गाडी तुझी आहे. सही तुझी. मी आडवी येणार नाही. फक्त तू काय विकतोयस ते एकदा बघ. ओढ्यातून नेऊन आण."

"मला गाडी माहीत आहे, आई."

"ही नाही माहीत. हिला कोणीच चालवलेलं नाही अजून."

गिऱ्हाइकाचीही हरकत नव्हती. ते आईसमोर कॉफी घेऊन बसलं, आणि आईने त्याला अडलेल्या गाईच्या पोटात हात कुठपर्यंत घालावा लागतो ते सांगायला सुरुवात केली. थोरला चष्मेवाल्याकडे वळला. "चला जावईबुवा. बिघडलं तर तुम्हीच ढकलायचंय."

ओढा घरापासून दहा मिनिटांवर. पाणी पोटरीभर, वेगाने वाहणारं, तळाशी गोटे आणि मधोमध ट्रक टेकला होता तो काळा दगड. थोरल्याने काठावर थांबून चारही चाकं ओढीला जोडली, पहिला गिअर टाकला आणि श्वास धरून ट्रक पाण्यात घातला. चष्मेवाला खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर लोंबला होता.

"डावीकडे! अजून! सरळ! दगड आला... आला..."

दोघांनीही आवाजाची वाट पाहिली. लोखंडावर दगड घासल्याचा आवाज. तो आलाच नाही. पोट आणि दगड यांच्यामधून पाणी सुळकन निघून गेलं.

"चार बोटं!" चष्मेवाला ओरडला. "चार बोटं राहिली दादा!"

पलीकडच्या काठावर थोरल्याने ट्रक थांबवला. इंजिन चालूच होतं. तो हात स्टिअरिंगवर ठेवून दगडाकडे बघत राहिला.

"चार तास ती तिथे होती," तो म्हणाला. "फोन लागत नव्हता. मी फोटो बघत होतो ऑफिसात, कोणाची तरी गाडी पुलावरून पडलेली. आणि मनात एकच. हा ट्रक मी आणून दिला तिला. माझ्याच ट्रकमध्ये तिला काही झालं असतं तर?"

चष्मेवाला आत सरकून नीट बसला. मेहुण्याने त्याला चौदा वर्षांत एवढं कधी सांगितलं नव्हतं. "दादा, ट्रक विकला तर आई इकडे यायच्या थांबतील?"

थोरल्याने विचार केला. "नाही. चालत येईल."

"पाण्यातून."

"पाण्यातून. औषधांची पेटी डोक्यावर घेऊन." त्याने कपाळावर हात मारला. "आणि मला सांगणारही नाही."

"तुमच्या विम्याच्या तक्त्यांमध्ये कुठला धोका मोठा धरतात?"

थोरला हसला, नको नको म्हणत हसला. त्याने ट्रक वळवला. परतताना त्याने सरळ वाट सोडली आणि गाडी मुद्दाम पुन्हा काळ्या दगडावरून नेली. अलीकडे आल्यावर म्हणाला, "वळताना टायर मडगार्डला घासतो का ते राहिलंच बघायचं," आणि पुन्हा पाण्यात घातली. घासत नव्हता. तरी तो तिसऱ्यांदा बघून आला. त्या वेळी त्याने काही कारण सांगितलं नाही, फक्त पाणी दोन्ही बाजूंनी काचेवर उडालं तेव्हा तोंडाने आवाज काढला. कुठला, ते चष्मेवाल्याने पुढे कधीही कोणाला सांगितलं नाही.

घरी आले तेव्हा गिऱ्हाइकाचा रंग उतरला होता आणि कॉफी तशीच होती.

"माफ करा," थोरला त्याला म्हणाला. "विकायचा नाही. हा धोका घरातल्या घरातच ठेवायचं ठरलंय."

"पण बोलावलंत तुम्हीच!"

"चूक माझी. पुरता विम्याचा माणूस असून मी चौकशी न करता निर्णय घेतला."

गिऱ्हाईक एकेक खिसा चाचपत हळहळत गेलं. थोरला आईकडे वळला. "ऐक. एकटी जायचं नाही. मामा, नाहीतर आमच्यातलं कोणीतरी बरोबर. आणि पाणी चाकाच्या मधल्या टोपीच्या वर असलं तर माघारी यायचं."

"टोपीच्या वर दोन बोटं."

"टोपी."

"एक बोट."

"आई!"

"टोपी," आई म्हणाली. तिने त्याच्या भिजलेल्या बाहीला हात लावला आणि क्षणभर तिथेच ठेवला. "किती वेळा गेलास रे पाण्यातून?"

"एकदाच," थोरला म्हणाला. चष्मेवाल्याने आभाळाकडे बघितलं.

मग आई ट्रकमध्ये बसायला निघाली आणि नवीच अडचण उभी राहिली. पायरी साडेचार इंच वर गेली होती, आईचा गुडघा नव्हता गेला. तिने पाय उचलला, तो पोहोचला नाही. दुसरा उचलला. सगळ्यांनी इतरत्र बघितलं. जावई पुढे झाला, आणि सासूला नेमकं कुठून ढकलायचं हा प्रश्न पडून मागे आला.

"मामा, खाली आणखी एक पायरी बसवायची राहिली," वहिनी म्हणाली.

"उद्या जोडतो."

"उद्या?" आई म्हणाली. "मी आज बसणार."

थोरला ट्रकपाशी गेला, एक गुडघा मातीत टेकवला आणि दुसऱ्या मांडीवर थाप मारली. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवून तोल सावरला, मांडीवर पाय दिला, धाकटीने मागून आधार दिला आणि ती एका दमात आत गेली. थोरल्याच्या कोऱ्या पँटवर ओल्या चपलेचा अख्खा ठसा उमटला.

"अगंबाई," वरून आवाज आला. "भिंतीपलीकडचं सगळं दिसतं की!"

"बघू," म्हणत वहिनी दुसऱ्या बाजूने चढली. तिच्यामागे धाकटी. थोरला पँट झटकत मागच्या हौद्यात चढला, कारण पुढे जागाच उरली नव्हती.

"थांबा!" मामा ओरडले. "पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायचे असतात. पाटे बसलेत आता. आणि उतरू नका कोणी, भार असतानाच आवळलेले बरे. जावईबापू!"

चष्मेवाल्याने मोठा पाना घेतला आणि तो खाली सरपटला. वर सासू, मेहुणा, मेहुण्याची बायको आणि स्वतःची बायको, असं अख्खं सासर पाट्यांवर बसलं होतं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांनी काय काय वाळत घातलंय याची यादी चालू होती. पाटे किंचित खाली आले, पुन्हा वर झाले. त्याने पहिला नट आवळला, मग समोरचा, मग तिसरा.

"ए, झालं का?" धाकटी वरून म्हणाली.

कोणीतरी पाय आपटला आणि चिमूटभर माती चष्म्याच्या काचेवर पडली. त्याने ती पुसली नाही. चौथा नट अजून अर्धा फेरा घेत होता.